वालावलकरांनी मागून घेतलेला सत्कार

“इंगवलेबाई, गुरुवारी माझा सत्कार ठेवा,” वालावलकरसाहेब म्हणाले, आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. डिसेंबरचा तिसरा मंगळवार, दुपारचे बारा. समोर बसलेले गृहस्थ आमच्या वचनपूर्ती समितीचे अधिकारी होते, चौतीस वर्षं नोकरी झालेले आणि त्याच महिनाअखेरीला निवृत्त होणारे. सत्काराचं त्यांना इतकं वावडं, की नोकरीची पंचवीस वर्षं झाली तेव्हा कर्मचारी संघटनेने हार आणला, तर साहेब अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून दाढ काढायला निघून गेले. दाढ दुखत नव्हती, हे त्यांच्या बायकोने नंतर संघटनेच्या लोकांना सांगितलं.

“सत्कार? तुमचा?” मी विचारलं.

“माझाच. दुसऱ्याचा करायला मी कशाला सांगेन? शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सगळं रीतसर. समितीच्या सभेतच उरकून घ्या. चार वाजता, कक्ष क्रमांक तीन. आणि खाण्याचं नीट बघा. बिस्किटांवर भागवू नका.”

“पण साहेब, ते केळशेतचं...”

“त्याची सभाही तेव्हाच आहे. तुम्ही सत्काराचं बघा.”

मला रडू यायचंच बाकी होतं. इथे माझ्या गळ्याशी आलं होतं आणि साहेबांना शाल हवी होती.

आमच्या समितीचं काम सांगायला सोपं होतं. मंत्र्याने सभागृहात उभं राहून ‘करू’ म्हटलं, की ते केलं का हे बघायचं. मंत्री ‘करू’ म्हणून खाली बसत आणि बसता बसताच विसरत. त्यांना विसरू द्यायचं नाही, एवढ्यासाठी आम्हा सहा माणसांना ठेवलेलं होतं. जी कामं झाली त्यांची यादी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहापुढे जाई, आणि एकदा गेली की ती कामं आमच्या नोंदवहीतून कायमची उडत. त्या शुक्रवारी जाणाऱ्या यादीत एकशेबारावं काम होतं केळशेतच्या साकवाचं, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाचं.

साकव झाला होता, यात खोटं काही नव्हतं. खात्याने फोटो पाठवला होता. ओढ्यावर नवाकोरा साकव, त्यावर ओळीने उभे तीन अधिकारी आणि त्यांच्या मागे एक म्हैस. मला नोकरीला लागून चौदा महिने झाले होते, अजून मी कायम झाले नव्हते, आणि कामाचा उरक दाखवायची भारी हौस होती. मी फोटो पाहिला, ‘काम पूर्ण’ अशी टिपणी लिहिली, साहेबांनी ढिगातल्या इतर टिपण्यांबरोबर तिच्यावर सही केली आणि समितीने सगळ्या यादीला एका दमात मान्यता दिली.

सोमवारी पत्र आलं. केळशेत खुर्दच्या शाळेतल्या गुरुजींचं. मंत्र्यांनी नऊ वर्षांपूर्वी वचन दिलं होतं ते केळशेत खुर्दला. साकव बांधून झाला होता तो केळशेत बुद्रुकला. दोन गावांच्या मध्ये नऊ किलोमीटर आणि एक अख्खा डोंगर. मूळ वचनात खुर्द स्पष्ट लिहिलेलं होतं. ते काढून ताडून बघायची तसदी मी घेतली नव्हती. खातं सोयीने विसरलं होतं, मी फुकटच विसरले होते.

गुरुजींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘आमचा साकव पूर्ण झाल्याचे पंचायत समितीत कळले. आनंद झाला. तो कोठे आहे हे कृपया कळवावे, म्हणजे पावसाळ्यात मुलांना तिकडून नेता येईल. सध्या आम्ही दोन शिक्षक व एक दोर यांवर भागवत आहोत.’

ते पत्र मी साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

“साहेब, माझी नोकरी जाईल.”

“नोकऱ्या इतक्या सोप्या जात नाहीत,” ते म्हणाले. “जात असत्या तर हा मजला केव्हाच रिकामा झाला असता. मुलं किती आहेत शाळेत?”

“एक्केचाळीस.”

“मग आधी त्यांचं बघू.”

पण बघायचं कसं? समितीने मान्य केलेली गोष्ट फक्त समितीच बदलू शकते. समितीप्रमुखांना एकट्याने एक काना-मात्राही हलवता येत नाही. पंधरा सदस्यांपैकी किमान पाच जण आले तर सभा भरते, नाहीतर अर्धा तास वाट बघून उठायचं. आणि हे सगळं नागपुरात, डिसेंबरात! कोणी हुरड्याला गेलेलं, कोणी मतदारसंघातल्या लग्नाला, कोणी वाघ बघायला. त्या दिवसांत नागपूरच्या आसपास वाघ दिसणं सोपं होतं, आमचे सदस्य दिसणं कठीण. सोमवारी संध्याकाळी साहेबांनी तातडीची सभा लावली, दोघे आले. मंगळवारी सकाळी पुन्हा लावली, तिघे आले आणि त्यांतले एक दार चुकून आले होते. शुक्रवारी यादी गेली की खुर्दच्या साकवाचा विषय संपला. पुन्हा कोणीतरी प्रश्न विचारायचा, पुन्हा मंत्र्याने ‘करू’ म्हणायचं, पुन्हा नऊ वर्षं.

आणि अशा वेळी यांना सत्कार हवा होता.

मी रागारागाने वही उघडली. साहेबांनी विषयपत्रिका तोंडी सांगितली. विषय क्रमांक एक, केळशेत खुर्द येथील साकवाबाबत फेरविचार. विषय क्रमांक दोन, समिती अधिकाऱ्यांचा निरोप-सत्कार व अल्पोपाहार. खाली खात्याच्या उपसचिवांनाही प्रत.

“आजच्या आज प्रत्येक सदस्याच्या हातात द्या,” ते म्हणाले. “पेटीत टाकू नका. हातात.”

मी आमदार निवासाचे जिने चढून-उतरून पायांचे तुकडे पाडून घेतले. समितीप्रमुख होते घोरबांडसाहेब, नांदेडकडचे, बारा वर्षं समितीवर असलेले. ते खाटेवर बसून संत्रं सोलत होते.

“वालावलकर सत्काराला तयार झाले?” त्यांच्या हातातली फोड हातातच राहिली. “तब्येत बरी हाय ना त्यांची?”

“बरी आहे, साहेब.”

“मग येतो म्हंजे काय! चार जणांला धरून आणतो. अहो, त्या माणसानं बारा वर्षांत मला एकदा पण नियमाबाहेर बोलू दिलं न्हाई. आता गुरुवारी मी बोलणार, अन् त्यांनी ऐकायचं.”

कागद त्यांनी वाचलाच नाही. संत्र्याची सालं त्याच्यावर ठेवली. सगळीकडे हेच झालं. “वालावलकरांचा सत्कार” एवढं ऐकलं की माणसं हसत, आश्चर्य करत आणि “येतो” म्हणत. विदर्भातल्या कमलताई ढोबळे म्हणाल्या, “मंग तर मी येतोच, बाप्पा! खायाले काय ठेवलं?” मी साबुदाणावडे म्हटल्यावर त्यांनी आपली वर्ध्याची गाडी रद्द केली.

दोन दिवस मी साहेबांशी कामापुरतंच बोलले. मनात म्हणत होते, शेवटी माणसाला शाल सुटत नाही ती नाहीच. त्यांना माझा राग कळत होता की नाही, कोण जाणे. बुधवारी त्यांनी एकदाच विचारलं, “वडे किती सांगितलेत?”

“साठ.”

“ऐंशी करा.”

गुरुवारी साडेतीनलाच ते कक्ष क्रमांक तीनच्या दारात जाऊन उभे राहिले. अंगात ठेवणीतला कोट, हातात उपस्थितीची नोंदवही. आत टेबलावर शाल, नारळ आणि फुलं मांडलेली, कोपऱ्यात वड्यांच्या परातींवर पांढरी फडकी झाकलेली. एकेक सदस्य येत होते, साहेबांना मिठी मारायला हात पसरत होते आणि साहेब त्या हातांत पेन देत होते.

“आधी सही, साहेब.”

कमलताई आल्या, सही. घोरबांडसाहेब शब्दाला जागून चौघांना घेऊन आले, पाच सह्या. सगळे खुशीत येत होते, नि माझं लक्ष साहेबांकडे गेलं. त्यांनी सह्या बोटाने मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. नागपुरात त्या दिवशी लोक मफलर गुंडाळून हिंडत होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

“साहेब,” मी हळूच म्हटलं, “तुम्ही सगळ्यांना फसवून...”

“फसवून?” ते दुखावल्यासारखे म्हणाले. “विषयपत्रिका दोन दिवस आधी प्रत्येकाच्या हातात दिली आहे. विषय क्रमांक एक त्यावर छापलेला आहे. कागद न वाचण्याची सोय सदस्यांनी स्वतः केली, मी नाही. चला, वही घ्या.”

तेरा सदस्य बसले. समितीच्या आजवरच्या इतिहासात इतके कधी बसले नव्हते. घोरबांडसाहेबांनी घसा साफ केला, शाल उचलली आणि तेवढ्यात साहेबांनी त्यांच्यापुढे चिठ्ठी सरकवली. सभेत अधिकारी बोलत नाहीत, चिठ्ठ्या सरकवतात. घोरबांडसाहेबांनी ती लांब धरून वाचली.

“विषय क्रमांक एक आधी,” ते म्हणाले. “म्हंजे आधी काम हाय होय?”

सगळे हसले. उपसचिव मात्र हसले नाहीत. ते पुष्पगुच्छ घेऊन आले होते, म्हणून फाईल आणली नव्हती. घोरबांडसाहेबांनी गुरुजींचं पत्र मोठ्याने वाचलं. ‘दोन शिक्षक व एक दोर’ इथपर्यंत आल्यावर ते थांबले आणि त्यांनी पुढचं मनातच वाचलं. कक्षातलं हसू विरून गेलं.

“काय उपसचिवसाहेब?” ते म्हणाले. “फोटोतली म्हस बुद्रुकची का खुर्दची?”

उपसचिव काहीतरी पुटपुटले. घोरबांडसाहेबांनी त्यांना फुलं खाली ठेवायला सांगितली आणि पुढची दहा मिनिटं सोलून काढलं. यादीतून एकशेबारावं काम काढायचं, खुर्दचा साकव कधी होणार याची तारीख खात्याने महिन्याभरात लेखी द्यायची, असं ठरलं. मी भराभर लिहून घेत होते.

मग बर्गेवकील बोलले. ते सदस्यांत सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत काटेकोर. “ठराव ठीक आहे, प्रमुखसाहेब. पण ही चूक समितीच्या कार्यालयातही झाली आहे. टिपणी कोणी लिहिली? जबाबदारी निश्चित होऊन नावानिशी नोंद झाली पाहिजे. उद्या आपण मंत्र्यांना कोणत्या तोंडाने विचारणार?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझी मात्र पाचावर धारण बसली. मी पेन खाली ठेवलं.

“बोलायची परवानगी असावी,” वालावलकरसाहेब म्हणाले.

बारा वर्षांत घोरबांडसाहेबांनी त्यांचा आवाज सभेत ऐकला नव्हता. त्यांनी नुसतीच मान हलवली.

साहेब उभे राहिले. “टिपणीवर माझी सही आहे. गाव ताडून पाहण्याचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. नाव घनश्याम वालावलकर असं लिहावं.”

“साहेब...” माझ्या तोंडून गेलं.

“इंगवलेबाई,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “पेन उचला. लिहा.”

मी लिहिलं. ‘सदर चूक समिती अधिकारी श्री. वालावलकर यांच्या दुर्लक्षामुळे झाली.’ सरकारी मराठीत इतकं सरळ वाक्य मी त्याआधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

घोरबांडसाहेब उठले, शाल उलगडून साहेबांच्या खांद्यांवर घातली आणि म्हणाले, “मी लई भाषण ठरवून आलो होतो. ह्यांची टिंगल करायची होती. आता काय करू? आधी गुन्हा कबूल करून मग शाल घेणारा हा पहिलाच माणूस बघितला मी.” त्यांनी नारळ जरा जोरातच साहेबांच्या हातात दिला. बर्गेवकिलांनी उभं राहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

उत्तरादाखल साहेब दोनच वाक्यं बोलले. “समितीचा आभारी आहे. वडे गार होत आहेत.”

पांगापांग झाल्यावर मी त्यांना बाहेरच्या जिन्यावर गाठलं. काखेत शाल, हातात नारळ, असे ते उभे होते आणि फुलं कोणाला द्यावीत अशा विवंचनेत दिसत होते.

“चूक माझी होती,” मी म्हटलं. “तुम्ही असं का केलंत?”

“मी आता बारा दिवसांचा पाहुणा. मला कोण काय करणार? तुम्हाला अजून तीस वर्षं काढायची आहेत. मार्चमध्ये तुमचा कायम होण्याचा कागद निघेल. तोवर गप्प बसा.”

“पण चौतीस वर्षांत तुमच्यावर एक ठपका नाही.”

“म्हणून तर एक परवडतो,” ते म्हणाले, आणि फुलं माझ्या हातात कोंबून जिना उतरून गेले.

मी गप्प बसले. जानेवारी गेला. घरी खोटं बोलून आल्यासारखी मी रोज कचेरीत जात होते. आमच्याकडे रिवाज असा, की इतिवृत्तात आणि अहवालात कर्मचाऱ्याचं नाव येत नाही. काम कोणीही करो, लिहायचं ‘समितीने केले’. साहेबांनी साडेतीन हजारांवर वचनं मार्गी लावली, रस्ते, दवाखाने, वसतिगृहं, आणि त्यांतल्या एकाही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. त्यांचं नाव एकाच ठिकाणी होतं. माझ्या अक्षरात, माझ्या चुकीपुढे.

फेब्रुवारीत मुंबईला समितीची पुढची सभा होती. अभ्यासदौरा केरळला न्यायचा की काश्मीरला, हे ठरवायचं असल्यामुळे सदस्य भरपूर होते. साहेबांच्या खुर्चीवर नवे अधिकारी. पहिला विषय नेहमीप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. त्यात समितीप्रमुख विचारतात, “काही दुरुस्ती?” आणि कोणी ऐकायच्या आत पान उलटतात.

“काही दुरुस्ती?” घोरबांडसाहेब म्हणाले.

“आहे,” मी म्हणाले, आणि उभी राहिले.

नव्या अधिकाऱ्यांनी माझा पदर ओढायचाच बाकी ठेवला.

“बाई, हितं कर्मचारी बोलत न्हाईत,” घोरबांडसाहेब म्हणाले.

“माहीत आहे, साहेब. पण दुरुस्ती आहे. केळशेतची टिपणी वालावलकरसाहेबांनी लिहिली नव्हती. मी लिहिली होती. मूळ वचन मी काढून पाहिलं नाही. त्यांचं नाव काढून तिथे माझं घालावं. शैलजा इंगवले.”

मी टेबलाची कड धरून ठेवली. घोरबांडसाहेबांनी बर्गेवकिलांकडे पाहिलं.

“नियमात बसतंय का, वकीलसाहेब?”

“बसवता येईल,” बर्गेवकील म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बसवूच.”

“दुरुस्ती मंजूर,” घोरबांडसाहेब म्हणाले. “बाई, विनापरवानगी बोलल्याबद्दल तुम्हाला ताकीद. आता बसा, न्हाईतर पडाल.”

माझा कायम होण्याचा कागद मार्चमध्ये निघाला नाही, सप्टेंबरात निघाला. सहा महिने मी जीव मुठीत धरून काढले, पण झोप लागायला लागली होती.

सभेनंतर चार दिवसांनी साहेबांच्या गावाहून, वेंगुर्ल्याहून फोन आला.

“इंगवलेबाई, सभेत कर्मचारी बोलत नाहीत,” पलीकडून साहेब म्हणाले.

“हो, साहेब.”

“परवानगी घेतली होती?”

“नाही.”

“मग तशी नोंद घ्यायला हवी.”

“घेतली आहे, साहेब.”

मग ते म्हणाले, “मार्चपर्यंत थांबायला काय झालं होतं तुम्हाला?” तो आवाज मी चौदा महिन्यांत कधी ऐकला नव्हता. पुढे ते नेहमीच्या स्वरात म्हणाले, “आंब्यांच्या दिवसांत घरी या. हिला तुम्हाला बघायचं आहे.”

केळशेत खुर्दला दीड वर्षाने साकव झाला. खात्याचा फोटो आला, पण मी गुरुजींचं पत्र येईपर्यंत टिपणी लिहिली नाही. पुढे मी तीस वर्षं त्याच समितीत काढली आणि वालावलकरसाहेबांच्या खुर्चीवरून निवृत्त झाले. साहेब जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

विधानमंडळाच्या ग्रंथालयात समितीच्या अहवालांनी भरलेली दोन कपाटं आहेत. निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी तिथे बसून त्यांच्या काळातले सगळे खंड चाळले. चूक करणारी म्हणून त्यांत माझं नाव आहे. त्यांचं नाव कुठेही नाही, आणि त्यांना ते तसंच हवं असणार, हे मला ठाऊक आहे. पण मला ते नको आहे. ते आता रागवायला नाहीत, म्हणून मी ते इथे पूर्ण लिहिते आहे. घनश्याम रामकृष्ण वालावलकर, समिती अधिकारी.